वाचकांचे प्रश्न : आर्कियांची ओळख पटवणारा रायबोसोम

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, त्यासंबंधीचे एक छोटे टिपण आम्ही मागील अंकात छापले होते. उन्हाळ्यात पाणी आटले, क्षारता वाढली, त्यामुळे खारट पाण्यात फोफावणाऱ्या आर्किया या सूक्ष्मजीवांची संख्या वाढली आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाण्याला रंग आला, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीतून निघाला, असे त्या टिपणात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांत सरोवराच्या रंगापेक्षा या जीवांविषयीच अधिक विचारणा आहे, याचा आम्हांला मनापासून आनंद वाटतो, आणि म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पुढील बहुतेक उत्तरे फिरून रायबोसोमपाशी, म्हणजे पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या सूक्ष्म यंत्रणेपाशी, येतील. आर्किया हा जीवसृष्टीतील स्वतंत्र गट आहे हे ज्या पुराव्यावरून प्रथम कळले, तो पुरावा रायबोसोममध्येच सापडला होता.

प्रश्न : आर्कियांच्या पेशीत केंद्रक नसते आणि त्या जिवाणूंएवढ्याच लहान असतात. मग त्यांना जिवाणू का म्हणायचे नाही? (माध्यमिक शिक्षक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली आर्कियाची पेशी आणि जिवाणूची पेशी शेजारी शेजारी ठेवल्या, तर केवळ आकारावरून त्यांतील फरक अनुभवी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञालाही खात्रीने सांगता येणार नाही. त्यामुळेच १९७७ पर्यंत पेशीच्या रचनेनुसार सजीवांचे दोनच मोठे भाग मानले जात : केंद्रक असलेले आणि केंद्रक नसलेले. दुसऱ्या भागात जे जे पडले ते सगळे जिवाणू, अशी समजूत होती. परंतु केंद्रक नसणे हा एक अभाव आहे, आणि दोघांजवळ एखादी वस्तू नाही एवढ्यावरून ते दोघे एका कुळातले ठरत नाहीत.

ही अडचण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे कार्ल वोझ यांना पुरती उमगली होती. प्राण्यांचे नाते ठरवताना हाडे पाहता येतात, वनस्पतींचे ठरवताना फुलांची रचना पाहता येते आणि दोन्हींसाठी जीवाश्मांचा आधार असतो; सूक्ष्मजीवांच्या बाबतीत यांपैकी काहीच हाताशी नसते. तेव्हा जो रेणू प्रत्येक सजीवात आहे, सगळीकडे एकच काम करतो आणि कोट्यवधी वर्षांत अतिशय सावकाश बदलतो, अशा रेणूची तुलना करावी, असे वोझ यांनी ठरवले. प्रथिने तयार केल्याशिवाय कोणतीही पेशी जगत नाही, प्रथिने रायबोसोमवरच तयार होतात आणि रायबोसोमचा मोठा भाग आरएनएचा असतो. म्हणून त्यांनी रायबोसोमच्या लहान भागातील १६एस हा आरएनए निवडला.

आज हे काम यंत्र काही तासांत करते. १९७० च्या दशकात ते फार कष्टाचे होते. किरणोत्सारी फॉस्फरस घातलेल्या द्रवात सूक्ष्मजीव वाढवायचे, त्यांचा आरएनए वेगळा काढायचा, टी-१ नावाच्या विकराने त्याचे ग्वानिन या क्षारकानंतर (आरएनए ज्या चार क्षारकांच्या क्रमाने बनतो त्यांपैकी एक) दर वेळी तुकडे करायचे, विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने ते तुकडे कागदावर पसरवायचे आणि क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटलेल्या काळ्या ठिपक्यांवरून प्रत्येक तुकड्यातील क्षारकांचा क्रम ओळखायचा, अशी ती पद्धत होती. वोझ त्या फिल्म प्रकाशाच्या पेटीवर लावून तासन्‌तास पाहत बसत. अनेक जिवाणूंच्या अशा नोंदी जमल्यावर, कोणते तुकडे सगळ्या जिवाणूंत हमखास सापडतात हे त्यांना पाठ झाले होते.

त्याच विद्यापीठातील राल्फ वुल्फ मिथेन वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करत होते. १९७६ मध्ये त्यांच्याकडील एका मिथेनकारी जीवाचा आरएनए तपासला गेला तेव्हा प्रत्येक जिवाणूत दिसणारे काही तुकडे त्यात नव्हते आणि यापूर्वी कधी न दिसलेले काही तुकडे होते. आणखी मिथेनकारी जीव तपासले तरी हेच आढळले. त्यांचा आरएनए जिवाणूंच्या आरएनएपासून जेवढा दूर होता, साधारण तेवढाच तो आपल्यासारख्या केंद्रकयुक्त पेशींच्या आरएनएपासूनही दूर होता. १९७७ मध्ये वोझ आणि त्यांचे सहकारी जॉर्ज फॉक्स यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

वृत्तपत्रांनी ही बातमी पहिल्या पानावर छापली, परंतु अनेक जीवशास्त्रज्ञांना ती पटली नाही. एका रेणूच्या तुकड्यांवरून सगळ्या जीवसृष्टीची विभागणी बदलावी, हे त्यांना धाडसाचे वाटले, आणि त्यांच्या शंकेत त्या वेळी तथ्य होते हेही मान्य केले पाहिजे. उत्तर लवकरच जर्मनीतून मिळाले. ओटो कांडलर यांना या जीवांच्या पेशीभित्तिकेत जिवाणूंचे वैशिष्ट्य असलेले पेप्टिडोग्लायकन सापडले नव्हते. वोल्फ्राम त्सिलिग यांनी त्यांचे डीएनएवरून आरएनए तयार करणारे विकर तपासले, तेव्हा ते जिवाणूंच्या विकरापेक्षा केंद्रकयुक्त पेशींच्या विकराशी जवळचे निघाले. त्यांच्या पेशीपटलातील मेदद्रव्येही वेगळी आहेत : जिवाणूंत आणि आपल्यात मेदाम्ले ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेली असतात, तर आर्कियांत आयसोप्रीनपासून बनलेल्या शाखायुक्त साखळ्या ईथर बंधाने जोडलेल्या असतात आणि ग्लिसरॉलचा रेणूही आरशातील प्रतिमेसारखा उलटा असतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या इतक्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्यावर विरोध हळूहळू मावळला. १९९० मध्ये वोझ, कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी जिवाणू, आर्किया आणि केंद्रकयुक्त सजीव अशी तीन अधिक्षेत्रांची मांडणी केली. लोणारच्या पाण्यातील मीठप्रेमी जीव यांपैकी दुसऱ्या अधिक्षेत्रात येतात.

आपल्या विद्यार्थ्यांना हा इतिहास अवश्य सांगावा, कारण आर्कियांची व्याख्या पाठ करण्यापेक्षा तो पुरावा कसा जमत गेला हे कळणे अधिक मोलाचे आहे.

प्रश्न : आर्कियांचा रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमसारखा असतो की आपल्या? पुस्तकांत दोन्ही विधाने आढळतात. (एम.एस्सी. विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत, ती कशाबद्दल आहेत हे मात्र पाहिले पाहिजे.

आकारमान आणि आरएनए यांच्या बाबतीत आर्कियांचा रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमसारखा आहे. तो ७०एस असतो, त्याचे ३०एस आणि ५०एस असे दोन भाग असतात आणि त्यांत १६एस, २३एस आणि ५एस हे तीन आरएनए असतात. आपल्या पेशींतील रायबोसोम ८०एस असतो, त्याचे भाग ४०एस आणि ६०एस असतात आणि त्यात चार आरएनए असतात. (एस हे अपकेंद्री यंत्रात कण किती वेगाने तळाशी जातो याचे माप आहे. तो वेग आकारावरही अवलंबून असल्यामुळे दोन भागांच्या आकड्यांची बेरीज पूर्ण रायबोसोमच्या आकड्याइतकी येत नाही.) रायबोसोमच्या प्रथिनांची अनेक जनुके आर्कियांच्या डीएनएवर ज्या क्रमाने एकत्र मांडलेली असतात, तो क्रमही बराचसा जिवाणूंसारखाच आहे.

प्रथिनांकडे वळल्यावर चित्र पालटते. निरनिराळ्या सजीवांच्या संपूर्ण जीनोमवरून रायबोसोममधील प्रथिनांची जी तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचे आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. तीनही अधिक्षेत्रांत समान असलेली प्रथिनकुले ३४ आहेत. केवळ आर्किया आणि केंद्रकयुक्त सजीव यांच्यात समान असलेली ३३ आहेत. केवळ जिवाणूंत आढळणारी २३, केवळ केंद्रकयुक्त सजीवांत आढळणारी ११ आणि केवळ आर्कियांत आढळणारे एक. आता केवळ जिवाणू आणि आर्किया यांच्यात समान, परंतु आपल्यात नसलेली प्रथिनकुले किती? एकही नाही. माझ्या मते आर्कियांविषयीच्या सगळ्या माहितीत हे शून्य सर्वांत बोलके आहे. बाहेरून जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या या पेशींचे रायबोसोमच्या प्रथिनांपुरते जिवाणूंशी असे खास नाते काहीच नाही. जे आहे ते सगळ्या सजीवांना समान आहे, आणि त्यापलीकडचे जवळजवळ सर्व आपल्याशी समान आहे.

रायबोसोम कामाला कसा लागतो, हे पाहिले तरी हेच दिसते. जिवाणूंत प्रत्येक प्रथिनाची सुरुवात फॉर्मिल गट जोडलेल्या मेथिओनिनने होते. आर्कियांत आणि आपल्या पेशीद्रवात ती साध्या मेथिओनिनने होते. ते पहिले मेथिओनिन घेऊन येणाऱ्या वाहक आरएनएला रायबोसोमपर्यंत पोहोचवण्याचे काम आपल्यात ईआयएफ-२ हे तीन घटकांचे प्रथिन करते, आणि आर्कियांत त्याच कुळातील तीन घटकांचे प्रथिन असते. जिवाणूंत असे प्रथिनच नाही. काम संपल्यावर रायबोसोमचे दोन भाग पुन्हा सुटे करणारे एबीसीई-१ हे प्रथिनही आर्कियांत आणि आपल्यात सापडते, जिवाणूंत सापडत नाही. संदेशवाहक आरएनएची तऱ्हा मात्र निराळी आहे. आपल्या संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीला जी रासायनिक टोपी असते ती आर्कियांत नसते. काही आर्किया जिवाणूंप्रमाणे शाइन-डालगार्नो क्रमाचा, म्हणजे आरंभाच्या संकेताआधी असलेल्या क्षारकांच्या एका छोट्या खुणेचा, उपयोग करून रायबोसोमला योग्य जागी बसवतात, तर अनेक आर्कियांत, विशेषतः मीठप्रेमी जीवांत, संदेश थेट आरंभाच्या संकेतानेच सुरू होतो, त्याच्या आधी काहीही नसते.

या नात्याचा एक पुरावा वैद्यकातून आला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. घटसर्पाचे जिवाणू जे विष सोडतात, ते आपल्या पेशीतील ईईएफ-२ या प्रथिनावर हल्ला करते. हे प्रथिन रायबोसोमला संदेशावरून एकेक पाऊल पुढे सरकवते. त्यात डिफ्थामाइड नावाचे, हिस्टिडिनमध्ये बदल होऊन तयार झालेले एक अमिनो आम्ल असते. विष नेमके त्यालाच एक जड रासायनिक गट चिकटवते, रायबोसोम जागीच थांबतो आणि पेशी मरते. जिवाणूंच्या त्याच कामाच्या प्रथिनात डिफ्थामाइड नसल्यामुळे घटसर्पाचा जिवाणू स्वतःच्या विषापासून सुरक्षित राहतो. १९८० मध्ये असे दाखवण्यात आले की आर्कियांचे प्रथिनही या विषाला आपल्या प्रथिनासारखेच बळी पडते. माणसाच्या घशाशी ज्यांचा कधी संबंध येत नाही, अशा मिठागरांतल्या आणि उकळत्या झऱ्यांतल्या जीवांत तेच मर्मस्थान असावे, याला समान पूर्वज हेच पटण्यासारखे स्पष्टीकरण आहे.

तेव्हा परीक्षेत लिहिताना "आर्कियांचा रायबोसोम अर्धा जिवाणूंसारखा आणि अर्धा आपल्यासारखा" असे लिहू नये. आकारमानातील सारखेपणा हा मुख्यतः जुना वारसा आहे. तो लहान आकार सर्वांच्या पूर्वजाचा होता आणि आपल्या शाखेत रायबोसोम पुढे मोठा होत गेला, असे मानण्यास सबळ कारण आहे. नाते ठरते ते नंतर आलेल्या आणि दोघांतच असलेल्या गोष्टींवरून, आणि अशा गोष्टी आर्कियांत आणि आपल्यात समान आहेत.

प्रश्न : आर्कियांवर प्रतिजैविके चालतात का? त्यांच्यामुळे कोणते रोग होतात? (औषधविक्रेते, सोलापूर)

उत्तर : आधी दुसऱ्या भागाचे उत्तर. माणसाला निश्चितपणे रोग देणारा एकही आर्किया अजून सिद्ध झालेला नाही, जरी ते आपल्या आतड्यात राहतात. मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथाय हा मिथेनकारी आर्किया अनेक माणसांच्या मोठ्या आतड्यात आढळतो.

पहिल्या भागाचे उत्तर आपल्या व्यवसायाच्या जवळचे आहे. पेनिसिलीन जिवाणूंच्या पेप्टिडोग्लायकनच्या भित्तिकेवर काम करते, आणि ती भित्तिकाच नसल्यामुळे आर्कियांवर त्याचा परिणाम होत नाही. रायबोसोमवर काम करणाऱ्या औषधांचे तसेच आहे. एरिथ्रोमायसिन जिवाणूच्या मोठ्या भागातील आरएनएच्या २०५८ क्रमांकाच्या जागी बसते, कारण तिथे अॅडेनिन हा क्षारक असतो. आर्कियांत आणि आपल्या पेशीद्रवातील रायबोसोमात त्या जागी ग्वानिन असते आणि त्यामुळे औषधाला नीट बसता येत नाही. एरिथ्रोमायसिन जिवाणूला रोखते आणि रुग्णाच्या पेशींना फारसे अपाय करत नाही, याचे मोठे कारण या एका क्षारकात आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मृत समुद्रातील एका आर्कियाच्या रायबोसोमात त्या जागचे ग्वानिन बदलून अॅडेनिन आणले. तेव्हा ही औषधे त्याला घट्ट चिकटू लागली, आणि ती कशी बसतात हे स्फटिकांतून स्पष्ट पाहता आले. ते काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट अॅनिसोमायसिन हे द्रव्य जिवाणूंना अपाय करत नाही, परंतु केंद्रकयुक्त पेशींचा रायबोसोम बंद पाडते, आणि ते अनेक आर्कियांचाही रायबोसोम बंद पाडते.

प्रश्न : वेंकटरमण रामकृष्णन यांना ज्या शोधासाठी नोबेल मिळाले, त्यात मृत समुद्रातील जीवाचा काय संबंध होता? (निवृत्त अभियंता, ठाणे)

उत्तर : २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ या तिघांना रायबोसोमची रचना आणि कार्य यांच्या अभ्यासासाठी विभागून मिळाले. तमिळनाडूतील चिदंबरम येथे जन्मलेले आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदार्थविज्ञानाचे पदवीधर झालेले रामकृष्णन यांनी रायबोसोमच्या लहान भागाची रचना उलगडली, आणि त्यासाठी त्यांनी थर्मस थर्मोफिलस हा उष्ण झऱ्यातील जिवाणू वापरला होता. मृत समुद्रातील जीव कामी आला तो मोठ्या भागासाठी.

क्ष-किरणांनी रेणूची रचना पाहायची तर आधी त्याचे स्फटिक हवेत, म्हणजे कोट्यवधी रेणू एकाच ठेवणीत, ओळीने रचले गेले पाहिजेत. रायबोसोमच्या केवळ मोठ्या भागात अणूंची संख्या लाखाच्या घरात जाते, त्याचे अवयव हलते असतात, आणि पेशीबाहेर काढल्यावर तो लवकर बिघडतो. त्याचे चांगले स्फटिक मिळणे अशक्य आहे, असे १९७० च्या दशकात अनेक जाणकारांचे मत होते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या अदा योनाथ यांनी बर्लिनमधील सहकाऱ्यांच्या मदतीने १९८० मध्ये एका उष्णताप्रेमी जिवाणूच्या रायबोसोमचे पहिले स्फटिक मिळवले. कठीण परिस्थितीत जगणाऱ्या जीवांचे रायबोसोम अधिक भक्कम असतील, असा त्यांचा विचार होता, आणि याच विचाराने त्या हॅलोआर्क्युला मॅरिस्मॉर्टुई या आर्कियाकडे वळल्या.

हा जीव मृत समुद्रात राहतो. त्या पाण्यात सजीव आहेत हेच मुळी १९३६ पर्यंत कोणी दाखवलेले नव्हते. बाहेरच्या मिठाने पेशीतील पाणी शोषले जाऊ नये म्हणून हा आर्किया स्वतःच्या पेशीतही पोटॅशियम क्लोराइडचे अतिशय तीव्र द्रावण राखतो, आणि त्याचे रायबोसोमसुद्धा त्या द्रावणातच काम करतात. इतर जीवांची प्रथिने एवढ्या मिठात गोळा होऊन साकळतील. याच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर मात्र ग्लुटामिक आणि अॅस्पार्टिक या आम्लधर्मी घटकांची दाटी असते, ती पाण्याचे आणि क्षारांचे आवरण धरून ठेवते. अशा रायबोसोमचे स्फटिक पुष्कळच नियमित निघाले. परंतु क्ष-किरणांचा मारा त्यांनाही सहन होईना, तेव्हा योनाथ यांनी ते अतिशय थंड करून, उणे १८० अंशांच्या आसपासच्या तापमानात, किरणांसमोर धरण्याची पद्धत वापरली. आज प्रथिनांच्या स्फटिकांसाठी ती सर्रास वापरली जाते.

त्याच आर्कियाचे स्फटिक आणखी सुधारून येल येथील स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने २००० च्या ऑगस्टमध्ये मोठ्या भागाची रचना २.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाईने प्रसिद्ध केली. आरएनएच्या ३०४५ घटकांपैकी २८३३ आणि ३१ प्रथिनांपैकी २७ त्या चित्रात जागच्या जागी बसवता आले. मग शास्त्रज्ञांनी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला : दोन अमिनो आम्ले जिथे एकमेकांना जोडली जातात, त्या जागी कोण आहे? विकरे ही प्रथिने असतात असे आपण शाळेपासून शिकतो, म्हणून तिथेही प्रथिनच असावे अशी अनेकांची अपेक्षा होती. अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी नोलर यांनी १९९२ मध्ये जिवाणूच्या रायबोसोममधील बहुतेक प्रथिने काढून टाकल्यावरही जोडणीचे काम चालू राहते असे दाखवून त्या अपेक्षेला धक्का दिला होता, परंतु थोडी प्रथिने उरत असल्यामुळे शंकेला जागा होती. आर्कियाच्या स्फटिकाने ती शंका मिटवली. जोडणीच्या जागेपासून सुमारे १८ अँगस्ट्रॉमच्या आत एकही प्रथिन नव्हते. तिथे होता तो निव्वळ आरएनए.

पृथ्वीवरील प्रत्येक प्रथिन, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनपासून गव्हातील ग्लुटेनपर्यंत, आरएनएने जोडलेले आहे, असा याचा अर्थ होतो. सुरुवातीचा रायबोसोम संपूर्णपणे आरएनएचा असू शकेल, असे फ्रान्सिस क्रिक यांनी १९६८ मध्येच सुचवले होते; त्या कल्पनेला आधार देणारे प्रत्यक्ष चित्र एका आर्कियाने दिले.

प्रश्न : गोबर गॅसच्या टाकीत गॅस जिवाणू तयार करतात असे आम्हांला प्रशिक्षणात सांगितले होते. ते चूक आहे का? (शेतकरी, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : ते अर्धे बरोबर आहे. शेणातील तंतुमय आणि इतर पदार्थ फोडून त्यांपासून अॅसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवण्याचे काम जिवाणू करतात. मात्र त्यापुढची पायरी, म्हणजे जळणारा मिथेन वायू तयार करणे, टाकीत केवळ आर्कियाच करू शकतात. प्राणवायू त्यांना मारक असतो, म्हणून टाकीत हवा शिरू न देण्याची काळजी घ्यावी लागते. गाईम्हशींच्या कोठीपोटातही हेच घडते, आणि वोझ यांनी तपासलेले पहिले आर्कियाही मिथेनकारीच होते.

आपल्या टाकीत असू शकणाऱ्या मेथॅनोसार्सिना या आर्कियाची एक गोष्ट जोडून सांगतो. प्रथिने बनवण्यासाठी सर्व सजीव २० अमिनो आम्ले वापरतात, आणि काही जीव सेलेनोसिस्टीन हे एकविसावे वापरतात. मेथॅनोसार्सिना बार्केरी या आर्कियात २००२ मध्ये बाविसावे सापडले, ते पायरोलायसिन. 'थांबा' असा अर्थ असलेला यूएजी हा संकेत त्याच्या काही जनुकांत पायरोलायसिनसाठी वापरला जातो. आता जगभरातील प्रयोगशाळा याच आर्कियाकडून घेतलेल्या यंत्रणेच्या साहाय्याने प्रथिनांत नवी, माणसाने बनवलेली अमिनो आम्ले बसवतात.

प्रश्न : उकळत्या पाण्यात आरएनएची घडी उलगडते. मग तिथे आर्कियांचा रायबोसोम कसा टिकतो? (बारावीची विद्यार्थिनी, वाई)

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे, कारण काही आर्किया १०० अंशांच्याही पुढे वाढतात, मेथॅनोपायरस कांडलेरी या जीवाची एक जात जास्त दाबाखाली १२२ अंशांवर वाढवण्यात आली आहे, आणि प्रयोगशाळेत उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी साधारण १२१ अंशांची वाफ वापरतात.

त्यासाठी त्यांच्याजवळ अनेक उपाय आहेत. त्यांच्या रायबोसोमच्या आरएनएत ग्वानिन आणि सायटोसिन यांच्या जोड्या अधिक असतात, आणि या जोड्या तीन हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या असल्यामुळे अधिक पक्क्या असतात. दुसरे म्हणजे त्यांच्या आरएनएवर असंख्य ठिकाणी लहान मेथिल गट लावलेले असतात. ते नेमके कुठे लावायचे हे दाखवण्यासाठी आर्किया लहान मार्गदर्शक आरएनए वापरतात, आणि याच कुळातील मार्गदर्शक आरएनए आपल्या पेशींच्या केंद्रिकेत आहेत, जिवाणूंत नाहीत. तिसरे म्हणजे थर्मोकॉकस कोडाकरेन्सिस या आर्कियात वाढत्या तापमानाबरोबर सायटोसिनवर अॅसिटिल गट लावण्याचे प्रमाण वाढत जाते, आणि ते लावणारे विकर काढून टाकले तर तो जीव जास्त तापमानात नीट वाढू शकत नाही, असे २०२० मध्ये दिसून आले.

प्रश्न : आपण आर्कियांपासून उत्क्रांत झालो हे खरे आहे का? (वाचक, मडगाव)

उत्तर : आपल्या पेशीचा एक पूर्वज आर्कियांपैकी होता, हे आता बहुतेक संशोधक मान्य करतात. २०१५ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या थाइस एटेमा यांच्या गटाने ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधील समुद्राच्या तळावरील गाळातून मिळालेल्या डीएनएवरून लोकीआर्किया या गटाचा जीनोम जुळवला. त्यात अॅक्टिनसारखी, पेशीला आकार देणारी आणि पटले वाकवणारी अशी जनुके होती, जी तोवर केंद्रकयुक्त पेशींचीच मानली जात. त्यानंतर त्याच्या भावंडांसारखे इतर गट सापडले, आणि त्या सर्वांना मिळून अॅसगार्ड आर्किया म्हणतात. अनेक विश्लेषणांत केंद्रकयुक्त सजीवांची शाखा याच गटाच्या आतून निघालेली दिसते. तसे असेल तर १९९० च्या तीन अधिक्षेत्रांपैकी आपले अधिक्षेत्र आर्कियांचीच एक शाखा ठरते. वोझ यांची मांडणी एवढ्यापुरती बदलावी लागेल. आर्किया हे जिवाणूंपासून वेगळे आहेत हा त्यांचा मूळ निष्कर्ष मात्र तसाच राहतो, किंबहुना अधिक भक्कम होतो.

नुसता डीएनए जुळवून असे जीव प्रत्यक्षात आहेत असे म्हणता येईल का, अशी रास्त शंका काहींनी घेतली होती. जपानी संशोधकांनी जपानजवळच्या समुद्रतळावरील नानकाई द्रोणीजवळ २५३३ मीटर खोलीवरून काढलेल्या गाळातून एक अॅसगार्ड आर्किया प्रयोगशाळेत वाढवला आणि २०२० मध्ये तो जगासमोर ठेवला. या कामाला १२ वर्षे लागली, कारण त्या जीवाची संख्या दुप्पट होण्यासच १४ ते २५ दिवस लागतात. त्याच्या लहानशा गोल पेशीतून लांब, फांद्या फुटलेले हात निघतात, आणि हायड्रोजन खाणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्मजीवाच्या सोबतीने तो वाढतो. अॅसगार्ड आर्कियांच्या रायबोसोममधील आरएनएतही, आपल्या रायबोसोमला मोठे करणारे जे जास्तीचे भाग आहेत त्यांच्यासारखे काही वाढीव भाग आढळले आहेत.

परंतु आपला आणखी एक पूर्वज आहे, आणि तो जिवाणू होता. आपल्या पेशींतील तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) या एके काळी स्वतंत्र असलेल्या जिवाणूंचे वंशज आहेत, आणि त्यांच्याजवळ आजही त्यांचे स्वतःचे, जिवाणूंच्या वंशातील रायबोसोम आहेत. त्यामुळे माणसाच्या पेशीत दोन घराण्यांचे रायबोसोम एकाच वेळी काम करतात : पेशीद्रवात आर्कियांच्या नात्यातले आणि तंतुकणिकांत जिवाणूंच्या नात्यातले. काही कुटुंबांत तंतुकणिकांच्या रायबोसोममधील आरएनएच्या १५५५ क्रमांकाच्या जागी अॅडेनिनऐवजी ग्वानिन आलेले असते, त्यामुळे तो आरएनए जिवाणूच्या आरएनएशी अधिकच जुळतो. अशा व्यक्तींना जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी, जिवाणूंच्या रायबोसोमवर काम करणारी औषधे दिली, तर ती कानातील पेशींच्या तंतुकणिकांनाही जिवाणूच समजतात, आणि रुग्णाला कायमचे बहिरेपण येऊ शकते. म्हणून घरात कोणाला अशा इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले असेल, तर ती माहिती उपचारांपूर्वी डॉक्टरांना आवर्जून द्यावी.